टेम्पोच्या दोन बाजू

आमच्या सोसायटीत भांडणं पार्किंगवरून होतात, गळतीवरून होतात, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरूनही होतात. पण एका शब्दावरून झालेलं भांडण मी एकदाच पाहिलं. त्यात एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला माझे वडील.

गुढीपाडव्याला डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते. सकाळीच नऊवाऱ्या, फेटे, ढोल-ताशे रस्त्यावर येतात आणि त्यांच्यामागून सोसायट्यांचे, शाळांचे, मंडळांचे चित्ररथ. चित्ररथ हा तसा फार मोठा शब्द झाला. भाड्याचा टेम्पो असतो, पडदे लावून त्याची चाकं झाकतात, वर पुठ्ठ्याचं काहीतरी उभं करतात आणि दोन्ही बाजूंना बोर्ड बांधतात. त्या वर्षी आमच्या सांस्कृतिक समितीने ‘तापणारी पृथ्वी’ हा विषय ठरवला. मी ठाण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे बोर्डावरचा मजकूर आपसूक माझ्या गळ्यात पडला. मी एकच ओळ लिहिली, ‘पृथ्वी तापते आहे, माणसामुळे.’ ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि चहा ठेवायला गेले.

चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं. ‘माणसामुळे हा शब्द वादग्रस्त आहे. वगळावा.’ लिहिणारे माझे बाबा होते आणि ते शेजारच्या खोलीत बसले होते. नुसती हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. ग्रुपवर लिहिलं, म्हणजे त्यांना ते चारचौघांत हवं होतं.

मी कप घेऊन आत गेले. “बाबा, हे मला तोंडाने सांगता आलं असतं.”

“बोर्ड सोसायटीचा आहे, तुझा नाही,” ते म्हणाले. “सोसायटीला सांगितलं.”

आई गेल्यावर बाबा ठाण्याचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. सगळी नोकरी त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका फौंड्रीत केली, शेवटी शेवटी फोरमन म्हणून. कोळशाच्या भट्टीत लोखंड वितळवायचं आणि साच्यांत ओतायचं, हे तिथलं काम. त्या भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला उन्हाचं कौतुक कुठून असणार? आम्ही मे महिन्यात “काय उकडतंय” म्हटलं की ते आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे.

लहानपणी जेवताना ते भट्टीच्या गोष्टी सांगत. त्यातली एक त्यांची फार आवडती होती. भट्टीपुढचा माणूस कधीही म्हणत नाही की आता सहन होत नाही. म्हटलं तर बाकीचे हसतात. म्हणून ते फोरमनने ओळखायचं. कपाळावरून घाम वाहतोय तोवर माणूस बरा आहे. घाम आटला की त्याला तिथून काढायचा. त्याला विचारायचं नाही, समजवायला जायचं नाही. मागून जाऊन खांद्यावर थापटायचं आणि म्हणायचं, “बदली.” लगेच दुसऱ्याने त्याच्या जागी उभं राहायचं, कारण जागा रिकामी दिसली तर पहिला परत येतो. आणि बदली म्हटल्यावर कोणी वाद घालायचा नाही, मग तो कितीही तिरसट असो. हा तिथला कायदा होता. बाबांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आई वैतागून म्हणायची, आता त्या भट्टीला जरा विश्रांती द्या आणि जेवा.

ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ चालला. शेवटी सेक्रेटरींनी रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा बोलावली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, समोसे मागवले. पाण्याच्या टँकरच्या सभेला जेवढी माणसं आली नव्हती तेवढी या सभेला आली.

बाबा बोलायला उभे राहिले. बसून बोलायची त्यांना सवयच नाही.

“दुष्काळ पूर्वी पडत नव्हते? पूर येत नव्हते? तेव्हा कुठे होते कारखाने? हे निसर्गाचं चक्र आहे. कधी तापतं, कधी निवतं. आणि आपल्याकडे एवढं का तापतंय ते मी सांगतो. इथून शीळफाट्यापर्यंत टॉवर उभे केलेत, झाड म्हणून ठेवलं नाही. मग काँक्रीट तापणारच.”

ज्येष्ठांच्या रांगेतून टाळ्या पडल्या.

“आणि हे टॉवर कोणी बांधले, बाबा? चक्राने?” मी विचारलं. मागे उभी असलेली तरुण मंडळी हसली आणि मला जोर चढला. “काँक्रीटमुळे शहर तापतं, हे अगदी खरं. पण जिथे काँक्रीट नाही तिथेही तापतंय. समुद्र तापतोय. आपण कोळसा जाळतो, डिझेल जाळतो, त्यातून जे हवेत जातं ते उष्णता धरून ठेवतं. हे माझं मत नाही. हे मोजलेलं आहे.”

हे मी वर्गातल्या आवाजात बोलले, ते मला बोलता बोलताच कळलं. त्या आवाजाने मुलं गप्प बसतात, म्हातारी माणसं चिडतात.

“मोजलं कोणी पण?” तिसऱ्या मजल्यावरचे काका उसळले. “बाहेरच्या देशांनीच ना? त्यांची मजा मारून झाली, आता आपल्याला शहाणपण शिकवतायत.”

“अरे काका, काय पण! जरा गुगल करा ना,” मागून एक मुलगी म्हणाली.

“तू मला गुगल शिकवू नकोस गं. तुझ्या बापाला मी स्कूटर शिकवलीये.”

आरडाओरडा सुरू झाला. बाबा हात वर करून तसेच उभे राहिले. सगळे शांत होईपर्यंत थांबले. फौंड्रीच्या आवाजात माणसांना गप्प करायची ती जुनी युक्ती असणार.

“माझी लेक म्हणते, कोळसा जाळू नका,” ते म्हणाले. “तिच्या बेडरूममध्ये एसी आहे. माझ्या खोलीत पंखा. आता पृथ्वी कोण तापवतंय ते सभेनेच ठरवावं.”

असा हशा पिकला की विचारू नका. माझ्या बाजूची तरुण मंडळीही हसली. माझा नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. माझे कान तापले आणि तोंड सुटलं.

“एसीची वीज कोळशावरच होते, म्हणून तर बोर्ड लावायचाय. आणि तुमच्या भट्टीने आयुष्यभर जो धूर सोडला, तो काही विरून गेला नाही, बाबा. तोही याच हवेत आहे.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, आणि बसून बोलायची सवय नसल्यामुळे पुढे काही बोललेच नाहीत.

तोडगा सेक्रेटरींनी काढला. असा तोडगा फक्त हाउसिंग सोसायटीतच निघू शकतो. “हे बघा, टेम्पोला बाजू दोन असतात की नाही? डाव्या बाजूला मॅडमचा बोर्ड, उजव्या बाजूला त्यांच्या बाबांचा. विषय संपला. समोसे थंड होतायत.” सगळ्यांनी हात वर केले. एकाच पुठ्ठ्याच्या पृथ्वीखाली दोन उलट बोर्ड लागणार, यात कोणालाही काही खटकलं नाही. उलट किती समंजसपणे मिटवलं म्हणून दोन-तीन जणांनी सेक्रेटरींची पाठ थोपटली.

बाबांची ओळ आली, ‘ऋतुचक्र निसर्गाचे, माणूस निमित्तमात्र.’ ओळ चांगली होती, मला मानावं लागलं. पण तिच्यापाठोपाठ ग्रुपवर दुसरा मेसेज आला. आपण ध्वज घेऊन, धोतर-फेट्यात, यात्रा संपेपर्यंत आपल्या बोर्डाच्या बाजूने चालणार. टोपी नाही, छत्री नाही, टेम्पोत बसणं नाही. ‘ऊन पूर्वीसारखेच आहे, हे चालून दाखवीन.’ खाली ज्येष्ठांचे अंगठे, फुलं, जोडलेले हात.

बाबांचं वय ऐंशीच्या घरात आलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यातल्या एका गोळीने अंगातलं पाणी कमी होतं. डॉक्टरांनी उन्हात फिरायचं नाही म्हणून बजावलं होतं. पाडवा त्या वर्षी उशिरा होता आणि आदल्या आठवड्यापासून दहा वाजताच रस्त्यावर बघवत नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. “बाबा, मी शब्द काढते. सगळा बोर्डच काढते. तुम्ही टेम्पोत बसा.”

“तुला खरं वाटतं ना ते?”

“हो.”

“मग काढायचं कशाला? तुला खरं वाटतं ते तू लिही. मला खरं वाटतं ते मी चालून दाखवतो.” आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

नवरा म्हणाला, “तुम्ही दोघं सारखेच आहात, मी मध्ये पडणार नाही.” तरी तो मध्ये पडलाच. पाण्याच्या बाटल्या घेऊन तो बाबांच्या आसपास चालेल असं आम्ही ठरवलं. मला आता वादाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. बाबा घरी धड परत यायला हवे होते, एवढंच हवं होतं.

पाडव्याच्या सकाळी टेम्पो निघाला तेव्हा हवा बरी होती. वर पुठ्ठ्याचा मोठा लाल गोल, डावीकडे माझा बोर्ड, उजवीकडे बाबांचा. मी माझ्या बाजूला, ते त्यांच्या बाजूला. सकाळपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. मी त्यांच्या बाजूने चालू का विचारलं तर म्हणाले, “तुझी बाजू तिकडे आहे.” मध्ये टेम्पो आणि तो गोल, त्यामुळे मला बाबा दिसतच नव्हते. दिसत होतं ते ध्वजाचं टोक. मी त्या टोकावर डोळा ठेवून चालत राहिले.

डाव्या फुटपाथवरचे लोक माझा बोर्ड वाचून माना डोलवत होते. उजव्या फुटपाथवरचे बाबांचा वाचून डोलवत असतील. एक गृहस्थ रस्ता ओलांडून या बाजूला आले, त्यांनी दोन्ही वाचले होते. “अहो, तुमचं नक्की ठरलंय काय?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “नाही.”

यात्रा लवकर पुढे सरकेना. पुढचं ढोल पथक प्रत्येक चौकात रिंगण करून थांबत होतं. मग स्वागताचा मांडव, मग भाषण, मग फुलं. फडके रोडच्या जवळ येईस्तोवर सूर्य इमारतींच्या वर आला आणि सावली म्हणून कुठे राहिली नाही. माझी नऊवारी पाठीला चिकटली. डांबराची धग चपलेतून वर येत होती. टेम्पोचा ड्रायव्हर दार उघडं टाकून ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसला. ध्वजाचं टोक मात्र सरळ होतं. मी मनात म्हणत होते, आहेत, आहेत, चालतायत.

मग ते टोक कलंडलं आणि खट्कन टेम्पोवर आपटलं. लगेच सरळ झालं. पण मी तोवर टेम्पोच्या मागून पलीकडे धावले होते.

बाबा चालत होते. पाय नीट पडत होते, पाठ ताठ होती. शेजारचे दोन काका घामाने निथळत होते, माझ्या नवऱ्याचा कुर्ता भिजून काळा झाला होता. बाबांचा चेहरा लालबुंद होता आणि फेट्याखालचं कपाळ कोरडं होतं. अगदी कोरडं.

“अगं, पाणी घेतच नाहीयेत,” नवरा घाबऱ्या आवाजात म्हणाला. “मघापासून सांगतोय.”

“बाबा, पाणी प्या.”

“पुढच्या... चौकात.” शब्द उशिरा आले, आणि जड आले.

“बाबा, बसा जरा. माझ्यासाठी बसा.”

तेवढ्यात फुटपाथवरून आमच्याच सोसायटीतली मुलं ओरडली, “काय काका, लागलं काय ऊन? मॅडम जिंकल्या मग!” पोरं वाईट नव्हती, गंमत करत होती. पण बाबांनी ध्वज छातीशी घट्ट धरला आणि पावलं लांब टाकायला लागले.

“मी बसलो,” ते समोर बघत म्हणाले, “तर तुझा बोर्ड खरा.”

“नाही हो बाबा! तुम्ही बसलात तर फक्त तुम्ही बसलात. त्याने काही सिद्ध होत नाही!” मी अक्षरशः किंचाळले. खरं होतं ते. एका माणसाला ऊन लागल्याने पृथ्वीचं काही सिद्ध होत नाही आणि एक माणूस टिकल्याने काही खोटं ठरत नाही. पण बाबा मुलांकडे बघत होते, मुलं मोबाइल धरून बाबांकडे बघत होती, आणि मला कळलं की मी जितकं समजावेन तितके ते चालत राहतील. वर्गात कधी संपत नाहीत असे माझे सगळे मुद्दे संपले होते.

मी बोलणं थांबवलं. दोन पावलं मागे राहिले, त्यांच्या पाठीमागे गेले, खांद्यावर थापटलं आणि म्हटलं, “बदली.”

बाबा थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त ध्वजाच्या काठीवरची बोटं सुटली आणि काठी माझ्या हातात आली. मग ते रांगेतून बाजूला झाले, काही न बोलता, कोणाकडे न बघता. नवऱ्याने त्यांना दंडाला धरलं तेव्हा त्यांचे गुडघे वाकले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दुसरा दंड धरला. समोरच एका डॉक्टरांचा दवाखाना होता, त्याची दोन पायऱ्यांची ओटी होती. तिथे नेऊन त्यांना टेकवलं.

मी त्यांच्यामागे धावणार होते. पण पायरीवर बसल्या बसल्या बाबांनी मान वळवली आणि टेम्पोकडे पाहिलं. ते काय बघतायत ते मला कळलं. जागा भरली आहे का, ते बघत होते. भरली नसती तर ते उठले असते.

म्हणून मी ध्वज उभा धरला आणि चालायला लागले. शेजारी टेम्पोवर बाबांचा बोर्ड, ‘ऋतुचक्र निसर्गाचे, माणूस निमित्तमात्र.’ फुटपाथवर माझ्या शाळेतली एक शिक्षिका उभी होती, डोंबिवलीतच राहणारी. तिने आधी बोर्ड वाचला, मग मला पाहिलं, आणि डोळे मोठे करून मोबाइल वर केला. काढ म्हटलं फोटो. मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि मागे वळायचं नव्हतं. रस्ता वळला, दवाखाना नजरेआड झाला. मी ध्वज सेक्रेटरींच्या हातात कोंबला आणि निऱ्या वर खोचून उलट्या दिशेने पळत सुटले.

बाबांना आत टेबलावर झोपवलं होतं. फेटा सोडून त्याचंच ओलं कापड अंगावर टाकलं होतं, सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आणि मीठ गेलंय, वेळेवर आणलंत. दुपारपर्यंत त्यांनी ठेवून घेतलं. बाबांनी यात्रा संपवून आलेल्या सेक्रेटरींना ओळखलं, मला ओळखलं, सलाईनचं थेंब थेंब पडणं फार सावकाश आहे अशी तक्रार केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. थंड खोलीत झोपवा, एवढं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं.

थंड खोली घरात एकच होती. आम्ही त्यांना आमच्या पलंगावर झोपवलं. मी एसी लावला, पडदे ओढले आणि पायाशी बसले. ते छताकडे बघत होते. मला वाटलं, झोपतील.

“धूर आमचा होता,” बाबा म्हणाले. “सभेत म्हणालीस ते.”

“बाबा, ते मी रागात बोलले.”

“रागात बोललीस. खोटं नाही बोललीस.” मग ते म्हणाले, “सकाळी भट्टी पेटली, चिमणीतून धूर निघाला, की आम्हाला बरं वाटायचं. धूर दिसतोय म्हणजे काम आहे. तुझी आई घराच्या खिडकीतून बघायची, धूर आहे ना. एक दिवस नव्हता, तर डबा भरायची थांबली.”

मी त्यांचा पाय हातात धरला. तो आता ओलसर होता, घाम परत आला होता.

“तुझ्या त्या शब्दात मी आलो ना,” ते म्हणाले. “माणसामुळे. माझ्यामुळे. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं गं. सांगितलं असतं तर भट्टी बंद केली असती का? नसती केली. पण माहीत तरी असतं. पुढच्या वर्षी बोर्ड केलास तर त्याखाली एवढं लिही, यांना माहीत नव्हतं.”

“लिहीन.”

“आणि तुम्हाला माहीत आहे, हेही लिही.”

बाबांनी मान किंचित वर केली आणि पलंगाच्या वर, भिंतीवर पाहिलं. एसी घुमत होता. त्याचं बाहेरचं यंत्र खिडकीपाशी गरम हवा सोडत होतं, खालच्या मजल्यावरच्या खिडकीवर, गल्लीवर, उन्हात परत येणाऱ्या चित्ररथांवर.

“बंद करू का?” मी विचारलं.

“नको,” बाबा म्हणाले आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. “बरं वाटतंय.”